उत्तराचा बार

४ ऑक्टोबर, शनिवार

घेतलं पिस्तूल!

बर्ल ईकरच्या दुकानातून. जुनं नाही, जुन्यासारखं नवं बनवलेलं. चकमकीचं, पुढून ठासायचं, एका वेळी एकच बार. अक्रोडाची मूठ, तिला खाली पितळेची टोपी. दिसतं नाजूक, पण हातात घेतलं की बिडाच्या तव्यासारखं जड.

बर्लने विचारलं, "भिंतीवर लावायला का, मिस व्हेस्टा?"

इकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात. म्हटलं, नाही, उडवायला. त्याला एका कानाने ऐकू येत नाही. म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं — उडवायला! दुकानातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. वळवू देत.

भिंतीवर लावायचं म्हटलं तर खिळे आहेत माझ्याकडे. शेकोटीच्या वर, दोन. तिथे माझ्या नवऱ्याची, क्लेलची, लांब बंदूक असायची. त्याला पुरलं आणि तिसऱ्या दिवशी डॉयल आला — क्लेलचा धाकटा भाऊ — आणि ती काढून घेऊन गेला. "बंदूक घरातल्या पुरुषाकडे जाते, व्हेस्टा. रीत आहे." मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. लोकांनी जेवण भरून आणलेली भांडी उलटी करून, कुठलं कुणाचं ते बघत होते. बाहेर आले तर भिंतीवर नुसता पांढरा लांबट डाग.

५ ऑक्टोबर, रविवार

हे का करते आहे ते लिहून ठेवते. मन कच्चं झालं तर वाचायला बरं.

आमच्याकडे वर्षाच्या पहिल्या दिवशी बंदूकवाले घरोघर फिरतात. गार्लंड रुडिसिल फाटकाशी उभा राहून पुकारतो — या घराला बंदूक आहे का? उत्तराचा बार निघाला की ज्याने काढला त्याचं नाव तो घरधनी म्हणून घेतो, घराचं भलं मागतो. मग रांगेतले सगळे एकामागून एक बार काढतात आणि आत येऊन जेवतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दर वर्षी उत्तर क्लेलने दिलं. मी ओट्यावर कान झाकून उभी राहायची.

या जानेवारीत क्लेल नव्हता. गार्लंडने पुकारा केला आणि उत्तराचा बार काढला कुणी? डॉयलने! रस्त्यावरून, रांगेतूनच, क्लेलच्या बंदुकीने. फाटकाच्या आत पाऊलसुद्धा न टाकता! आणि गार्लंड ओरडला, "क्लेलच्या माघारी या घराचा धनी, डॉयल हेव्हनर!"

मी हातात बिस्किटांची परात घेऊन उभी.

छप्पर गळलं तर माणूस मी बोलावते. कर मी भरते. विहिरीचा पंप बंद पडला तेव्हा चिखलात गुडघे टेकून मी बसले होते. आणि धनी डॉयल! आमच्या न्हाणीघराची कडी वरून लागते की खालून, हे तरी त्याला माहीत आहे का?

त्या दिवशी मी सगळ्यांना वाढलं. डॉयललाही. पण ठरवलं ते तेव्हाच.

११ ऑक्टोबर, शनिवार

पहिला धडा. बर्लच्या दुकानामागच्या माळावर.

आधी बारूद नळीत. गजाने दाबायची. नमस्काराच्या, नुसत्या आवाजाच्या बाराला गोळी नाही, बोळा नाही, काही नाही. मग घोडा अर्ध्यावर. बाजूच्या पितळी वाटीत रंजक — ती बारीक बारूद. वर पोलादी झाकण. घोडा पुरता मागे. चाप. चकमक पोलादावर आपटते, ठिणगी वाटीत पडते, वाटीतली आग भोकातून नळीत जाते. वाचायला किती सोपं!

मी चाप ओढला. वाटीत भस्सकन जाळ झाला, आणि बार नाहीच.

"डोळे मिटायचे ते चर्चमध्ये, मिस व्हेस्टा," बर्ल म्हणाला. "इथे उघडे ठेवायचे."

पुन्हा. या वेळी सुर्र... सुर्र... आणि मी पिस्तूल खाली घेणार एवढ्यात धडाम! बर्लने माझं मनगट तिथल्या तिथे धरून ठेवलं होतं म्हणून. नाहीतर बूट गेला असता, पायासकट.

"बिस्किटावर ग्रेव्ही ओतता तशी रंजक ओतू नका. भोक बुजलं की त्याची वात होते. जळत बसते. आग उडी मारून आत गेली पाहिजे. तिला उडी मारायला जागा ठेवा."

आणि नाही उडालं तर? हात तसाच ठेवायचा, पिस्तुलाचं तोंड पायांपासून लांब जमिनीकडे, आणि थांबायचं. त्याने हे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी म्हटलं, बर्ल, मला दोन्ही कानांनी ऐकू येतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मनगट सुजलंय. मिठाच्या गरम पाण्यात बुडवून बसले. कुणाला सांगणार नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

रोवेनाचा फोन, शार्लटहून. डॉयलने तिच्या कानावर घातलंय.

"आई, बाबांचीच बंदूक हवी तर काकांकडून मागून घे ना."

"माझ्या भिंतीवरची वस्तू मी मागून घेऊ?"

"मग सोडून दे."

"तेही नाही."

"काका म्हणतात, दुःखाने तुझं..."

पुढचं तिने गिळलं. मी म्हटलं, दुःखाने डोकं फिरलेलं नाही माझं. दुःख आहे. सकाळी माझ्याबरोबर उठतं, समोर बसून कॉफी पितं, मग आम्ही दोघं कामाला लागतो. त्याचा आणि पिस्तुलाचा काही संबंध नाही.

थोडा असेल.

पण तिला तसं म्हटलं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

वाचनालयात गेले. लहानपणीच शाळा सुटली माझी. सूतगिरणीत जेवणाच्या सुट्टीत जे हाती पडेल ते वाचत वाचत शिकले. अडला शब्द हातावर लिहायचा आणि संध्याकाळी क्लेलला विचारायचा. त्यालाही यायचा नाही. मग दोघं मिळून शब्दकोश उघडायचो.

आज जुन्या सैनिकांसाठी लिहिलेल्या, चकमकीच्या बंदुकांवरच्या एका पुस्तकाची नवी प्रत मिळाली. बाई म्हणाल्या, "मिस व्हेस्टा, यंदा खुनाच्या गोष्टी नाहीत?"

"यंदा खुनाच्या साहित्याची तयारी," मी म्हटलं. बिचारीचा चेहरा बघण्यासारखा झाला!

८ नोव्हेंबर, शनिवार

बंदूकवाल्यांचं वर्षाचं जेवण. अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये, तळलेले मासे. दर वर्षी मी कोबीची कोशिंबीर घेऊन जाते. आज कोशिंबीर ठेवली आणि तिच्या शेजारी पिस्तूल ठेवलं.



म्हटलं, गार्लंड, या एक तारखेला माझ्या फाटकावर पुकारा करशील तेव्हा उत्तर घरातून येईल. रस्त्यावरून नको.

डॉयल हसला. "हे? हे तर चर्चच्या नाटकातलं खेळणं आहे."

"चर्चच्या नाटकात तू मेंढी होतास, डॉयल. तेव्हासुद्धा तुला आवाज काढायला जमला नव्हता."

सगळे हसले. डॉयल सोडून. मागून लोनी किझर ओरडला, "आज बाई बार काढणार, उद्या पुकारापण बाईच करेल!" मी म्हटलं, तुझ्यापेक्षा माझी कोंबडी बरा पुकारा करेल.

गार्लंडने पिस्तूल उचललं. घोडा अर्ध्यावर नेऊन पाहिला, चकमकीवर नख फिरवलं. सावकाश माणूस आहे. त्याचे वडील पुकारा करायचे, आजोबाही. म्हणाला, "बंदूक चकमकीची असावी, पुढून ठासायची असावी. एवढंच ऐकलंय मी. लांबीबद्दल कुणी कधी बोललं नाही. एवढी तोकडी कुणी आणलीच नव्हती."

"आणि बाईबद्दल?"

त्याने बराच वेळ मासा चावला. "त्याबद्दलही कुणी बोललेलं नाही. सगळे धरूनच चालले आहेत."

डॉयल उठला. "गार्लंड, आपल्या आजोबांनी..."

"आजोबा मेले, डॉयल. मी विचारू शकत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण रीत ती रीत, व्हेस्टा. घोडा तीनदा पडेपर्यंत मी थांबेन. तिसऱ्यांदाही नाही उडालं, तर डॉयल रांगेत आहे. मग त्याचं नाव, आणि पुन्हा हा विषय नाही. या वर्षीही नाही, कुठल्याच वर्षी नाही."

कबूल म्हटलं. सगळ्यांसमोर.

येताना कोशिंबिरीचं भांडं तिथेच विसरले. 

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सणाचं जेवण, टर्की, डॉयलकडे. त्याने मीठ मागितलं, मी दिलं. एवढंच बोलणं.

६ डिसेंबर, शनिवार

उडालं! आणि पुन्हा उडालं! आज जितक्यांदा चाप ओढला तितक्यांदा! चकमकीला कातड्याचा तुकडा नीट गुंडाळला, रंजक वाटीत अर्ध्यालाही कमी, डोळे उघडे. वाटीतला आणि नळीतला आवाज एकच झाला.

बर्ल नुसता म्हणाला, "हं." बर्लचं 'हं' म्हणजे दुसऱ्याच्या टाळ्या.

घरी येऊन कोट खुंटीला लावला आणि तिथेच थांबले. बारुदीचा वास. सडक्या अंड्यासारखा, आणि जळलेल्या लाकडासारखा. दर एक तारखेला क्लेल संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या कोटाला हा वास असायचा. मी ओरडायची, कोट बाहेर काढ! आता माझ्या कोटाला येतो.

कोट आतच ठेवला.

३१ डिसेंबर, बुधवार

चवळी भिजत घातली. कोलार्डचा पाला धुतला, चार पाण्यांतून. डुकराची मांडी भट्टीत. माणसं किती येतील देव जाणे, या वर्षी बघे जास्त असणार.

पिस्तूल साबणाच्या कढत पाण्याने धुतलं, शेगडीजवळ वाळवलं. मग तेल. आत, बाहेर, भोकात, सगळीकडे, माझ्या बिडाच्या तव्याला लावते तसं — हात आखडता न घेता. चकाकतंय.

रेडिओवर म्हणतात सकाळी धुकं.

१ जानेवारी, गुरुवार

दमले आहे, पण आत्ताच लिहिते.

धुकं होतंच. सकाळचं खाणं उरकल्यावर आवाज आले — आधी चढावरच्या घरांतून, मग जवळून. मी बारूद भरून ठेवली होती. वाटी मात्र कोरडी, झाकण बंद, वर माझा तळवा. ओट्यावर नाही उभी राहिले. पायऱ्या उतरून अंगणात आले.

रांग फाटकाशी लागली. डॉयल तिसरा की चौथा, क्लेलची बंदूक खांद्यावर. त्याने आधीच रंजक घालून ठेवलेली मला दिसली. इतकी खात्री!

गार्लंडने टोपी काढली. "या घराला बंदूक आहे का?"

रंजक घातली. घोडा मागे. जमिनीकडे तोंड. चाप.

भस्स. जाळ, धूर, आणि काही नाही. हात तसाच ठेवला. थांबले. काही नाही.

"एक," गार्लंड म्हणाला.

पुन्हा रंजक. पुन्हा भस्स. रांगेत कुणीतरी खोकलं. लोनीच असणार.

"दोन."

डॉयल फाटकाला टेकला. आवाज मऊ करून म्हणाला, "दे इकडे, व्हेस्टा. मी काढतो तुझ्यासाठी. कशाला तमाशा?"

तो मऊ आवाज! हसला असता तर चाललं असतं. 'तुझ्यासाठी' म्हणाला आणि माझं डोकं एकदम थंड झालं. इतकं थंड की विचार करता आला. वाटी पेटते, नळी पेटत नाही. म्हणजे मध्ये काहीतरी आहे. भोक. भोकात काय? — आणि कालची मी दिसले, तव्याला लावावं तसं तेल चोपडणारी! बारूद तेलात भिजवून ठेवली होती मी, माझ्याच हाताने!

"फाटक सोड, डॉयल," म्हटलं. "ओलं आहे, कोटाला डाग पडेल."

केसांतली पिन काढली. भोकात घातली, फिरवली, एप्रनला पुसली, पुन्हा घातली. काळं तेल निघालं. मग पुस्तकात वाचलं होतं तसं केलं — बारीक रंजकेचे दाणे चिमटीने भोकातूनच आत सोडले, वरून टिचक्या मारत. सावकाश. सगळं गाव धुक्यात उभं. मी घाई केली नाही. गार्लंडनेही केली नाही.

वाटीत थोडीशी रंजक. आगीला जागा ठेवून.

"डोळे उघडे!" कुणीतरी ओरडलं. बर्ल होता, रस्त्याच्या पलीकडे. तो आलाय हेही मला माहीत नव्हतं.

चाप ओढला.

धडाम! पायांपुढची माती उडाली, धूर अंगावर आला, शेजारच्यांचा कुत्रा कुठल्या कुठे पळाला!

गार्लंडने धूर विरेपर्यंत वाट पाहिली. मग मान वर करून, त्याच्या बापाच्या आवाजात: "या घराची धनीण, व्हेस्टा हेव्हनर! तिची चूल पेटती राहो, तिची विहीर भरलेली राहो!"

धनीण म्हणाला. तो शब्द त्याने आधीपासून तयार ठेवला होता की तिथेच सुचला, विचारणार नाही.

मग रांगेतले बार एकामागून एक उडाले. आपली पाळी आली तेव्हा डॉयलनेही बार काढला. काढावाच लागतो. आत आला, जेवला, चवळी दुसऱ्यांदा घेतली. जाताना म्हणाला, "तेल जास्त झालं होतं तुझं."

"चवळीत?"

"पिस्तुलात."

"माहीत आहे मला," म्हटलं.

२ जानेवारी, शुक्रवार

भांडी घासताना हात थांबले. काल साऱ्या गावात, एकाही फाटकावर, क्लेलचं नाव निघालं नाही. मागच्या वर्षी डॉयलच्या बाराने का होईना, निघालं होतं. ते मी बंद पाडलं.

हात पुसले. परसात गेले. नळी कोरडी करून बारूद भरली. पुकारायला कुणी नव्हतं, मीच पुकारलं. उत्तर मीच दिलं. मग नाव घेतलं — त्याचं, पुरं, शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.