माझे टेबल जिन्याखालून मूळ जागी आणण्याबाबत

प्रति,
मा. कर्मचारी तक्रार निवारण अधिकारी,
नगरपालिका, कोस्किनिएमी (फिनलंड)

विषय : मला अपशकुनी ठरवून संगणक कक्षाबाहेर बसविल्याबाबत.
संदर्भ : श्री. उर्पो नीस्कानेन यांचा माझ्याविषयीचा अहवाल, दि. २९ मे २०२६.

महोदय,

१. मी जानेवारीपासून पाणीपुरवठा विभागात प्रोग्रामर म्हणून परिविक्षेवर आहे. पूर्वी टप्प्याटप्प्याने येणारे शहरातील सर्व मीटरचे आकडे यंदा फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एकदम येतात. ते उतरवून घेण्यासाठी त्या एकाच दिवशी मी संगणक कक्षात बसत असे, एरवी पंपगृहात.

२. फेब्रुवारी व मार्चच्या पहिल्या मंगळवारी यंत्रणा बंद पडली. कक्षप्रमुख श्री. नीस्कानेन यांनी माझ्या नावाचा तक्ता करून भिंतीवर लावला : ‘तुईरे हजर – यंत्रणा बंद.’ या कक्षात सर्व्हरवरील रबरी बदकाचे तोंड दाराकडे असल्याशिवाय कोणी कळफलकाला हात लावत नाही, हे आपल्या माहितीस्तव.

३. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी मी रजा घेऊन स्वीडनमधील उप्साला येथे बहिणीकडे गेले. यंत्रणा तरीही बंद पडली. परतल्यावर मी हे निदर्शनास आणले असता श्री. नीस्कानेन म्हणाले, “तू नव्हतीस गं, पण तुझी छत्री होती ना खुंटीवर!” कोणीही हसले नाही.

४. दि. ४ मे रोजी माझे टेबल जिन्याखाली हलविण्यात आले. तेव्हापासून यंत्रणा एकदाही बंद पडलेली नाही. सर्वांची खात्री पटली. माझी मात्र पटेना, म्हणून मी प्रोग्राममधील बदलांची नोंद काढून पाहिली. आकडे एकदम आले की अडकणारी एक ओळ होती. ती श्री. नीस्कानेन यांनीच नऊ वर्षांपूर्वी लिहिली होती आणि दि. ४ मे रोजी सकाळी त्यांनीच गुपचूप दुरुस्त केली. टेबल दुपारी हलले.

५. मी विचारले असता ते दार लोटून हळू आवाजात म्हणाले, “थांबलं ना बंद पडायचं? मग कशाला उकरून काढतेस?” त्यानंतर आलेल्या संदर्भीय अहवालात माझ्या कामात दोष नाही, ‘तथापि त्यांची उपस्थिती यंत्रणेस मानवत नाही’, असे नमूद असून मला कायम करू नये अशी शिफारस आहे. परिविक्षा ३१ जुलैला संपते.

६. दि. ४ मेच्या बदलाची नोंद मी कक्षातील माझ्या एकमेव मैत्रीण श्रीमती पिर्को यांना दाखविली. त्यांनी ती दोनदा वाचली. दि. २ जून रोजी त्यांनी माझ्यासाठी दालचिनीचा पाव आणला, वरच्या पायरीवर ठेवला आणि तिथूनच म्हणाल्या, “माझा विश्वास आहे गं तुझ्यावर. पण आज आकडे यायचेत, म्हणून खाली येत नाही.”

७. श्री. नीस्कानेन यांना शिक्षा व्हावी अशी माझी मागणी नाही. दि. ७ जुलै रोजी आकडे येतेवेळी मला आपल्या समक्ष, सर्वांच्या देखत, मूळ जागी बसू द्यावे, एवढीच विनंती आहे.

८. निर्णयास विलंब होऊ नये. गेल्या शनिवारी माझ्या राहत्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली. आत माझ्याशिवाय चौघे होते. कोणी काही बोलण्याआधीच मी त्यांची माफी मागितली.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
तुईरे हर्युला
दि. १२ जून २०२६

सोबत : १) भिंतीवरील तक्त्याची प्रत २) रजेचा मंजूर अर्ज ३) दि. ४ मेच्या बदलाची नोंद