पीळ पडलेला गळपट्टा

चारकोप, कांदिवली
१ नोव्हेंबर १९८७

ती. रत्नप्रभाताईस,
धाकट्या बहिणीचा, तिच्या नवऱ्याचा आणि चारकोपच्या समस्त डासांचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. तुझ्या अनुपमाचं पत्र आलं. तिच्या साखरपुड्याला तू म्हणे समोर बसणार नाहीस, स्वयंपाकघरात बसून पुऱ्यांवर देखरेख करणार आहेस. पुढचं वाचता आलं नाही, पोरीने रडून शाई पसरवलीय. अगं, डॉक्टरांनी तुझ्या गळ्यातली गाठ काढली, नाक कापलेलं नाही! व्रण जरा वेडावाकडा आहे, मान्य. तो सर्जन तुझ्या हाताखाली शिवण शिकलेला नव्हता, एवढाच त्याचा दोष. पण म्हणून पावसाळ्यापासून पदर गळ्याभोवती गुंडाळून फिरतेस ते काय? बघणाऱ्याला वाटतं, आत चंद्रहार लपवलाय.

तेव्हा मी तुला गळपट्टा विणतेय. टोकं नसलेला, गोल, डोक्यातून घालायचा. विहीणबाईंनी विचारलंच तर डॉक्टरांनी घसा वाऱ्यापासून जपायला सांगितलाय म्हणायचं. आमच्या ऑफिसातल्या बर्थाचा भाऊ बोटीवर असतो, त्याने लोकर आणलीय. एकच धागा, पण त्याचा रंग आपोआप बदलत जातो. माणसांचे बदलतात तसे नाही, सुंदर बदलतात.

तुझा लोभ आहेच. तो बाहेर येऊन बसण्यात दिसावा.
तुझी,
सुगंधा

मुलुंड
९ नोव्हेंबर १९८७

चि. सुगंधास,
अनेक आशीर्वाद, पैकी निम्मे अक्कल येण्यासाठी.

मुंबईत, शालूवर, लोकरीचा गळपट्टा! तुझ्या कल्पकतेला तोड नाही. तुला विणकाम मी शिकवलं हे मी सहसा कुणाला सांगत नाही. मामेभावाच्या नंदकुमारच्या बारशाला तू विणलेलं टोपडं अजून त्यांच्याकडे वापरात आहे. चहाच्या किटलीवर घालतात.

विणणारच असशील तर एक ऐक. गोल सुईवर पहिला आणि शेवटचा टाका जोडण्याआधी सगळे टाके सरळ बसव. तिथे पीळ पडला की पुढे कितीही विण, तो जात नाही. सगळं उसवावं लागतं.

आणि मी आत बसते ते हौसेने नाही गं. विहीणबाई कुणाकडे गेल्या की घरभर नजर फिरवतात असं ऐकलंय. माझा गळा पाहून उद्या त्यांनी पोरीला विचारलं, की तुझ्या आईला कसला रोग होता, तुलाही होणार का, तर? जन्मभर तिने ते ऐकायचं? मला भीती वाटते. त्यापेक्षा पुऱ्या बऱ्या.

दशरथरावांना आशीर्वाद. तुझ्या हातचं खातात, त्यांना लागतील.
तुझी,
ताई

चारकोप
२८ नोव्हेंबर १९८७

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. उभ्यानेच, कारण वाकायला सवड नाही.

ह्यांचा पाय जिन्यात मुरगळला म्हणता म्हणता मोडला. प्लास्टर आहे. एका पायाने माणूस घरात बसतो आणि दोन्ही हातांनी हुकूम सोडतो. तेव्हा साखरपुड्याला मला येता येणार नाही, याचं वाईट वाटतं. गळपट्टा पार्सलने पाठवतेय.

दोन गुंडे घेतले. एक तांबड्यापासून सुरू केला, दुसरा हिरव्यापासून. दोन फेऱ्या याच्या, दोन त्याच्या, की पट्टे पडत जातात. मधे एके ठिकाणी दोन्ही गुंडे एकदमच जांभळ्यावर आले आणि पट्टे गायब! ते डिझाईन समज. सगळ्या फेऱ्या सुलट, उलट टाका औषधाला नाही. हा प्रकार माझ्यासारखीसाठीच निघाला असावा. जोडण्याआधी टाके सरळ बसवले होते, तुझी शपथ. मधेच ह्यांनी पाणी मागितलं, पण बसवले होते.

घाल, नको घालू, उशाशी घे. पण ताई, अनुच्या समोर बस. तिला दुसरी आई नाही.

माया आहे तेवढी पुरे, वाढवलीस तर आणखी विणेन.
सुगंधा

मुलुंड
१६ डिसेंबर १९८७

चि. सुगंधास,
आशीर्वाद. या खेपेस मोजकेच, कारण तुझा राग आलाय.

साखरपुडा पार पडला. मी समोर येईपर्यंत पाटावर बसणार नाही म्हणून अनु हटून बसली. भटजी घड्याळाकडे बघायला लागले, तुझे भाऊजी माझ्याकडे. शेवटी तो तुझा गळपट्टा डोक्यातून घातला, आरशात बघायचं टाळलं आणि बाहेर आले.

विहीणबाई शेजारीच. त्यांची नजर थेट गळ्यावर. मी डॉक्टर, घसा, वारा असं मनात घोकत होते, तर त्यांनी विचारलं काय, की विणीला मधेच असा वळसा द्यायचं हे नवीन डिझाईन कुणाचं? मी मान वाकवून पाहिलं. पीळ, सुगंधा! चांगला बोटभर जाड पीळ!

मला राहवलं नाही. तिथल्या तिथे काढला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि हे डिझाईन नाही, चूक आहे, असं त्यांना समजावलं. त्यांचं बोट धरून कडेवरून फिरवलं. वरची कड फिरत फिरत खाली जाते आणि पुन्हा वर येते. पण त्याही विणतात, मग ऐकतात कसल्या? मुद्दामच केलंय म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या बहिणीला मी ओळखते. भटजी दोनदा खाकरले. मधेच माझ्या गळ्याकडे बघून विहीणबाईंनी विचारलं, अजून दुखतं का. मी नाही म्हटलं. बरं म्हणाल्या आणि पुन्हा पिळावर आल्या.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की गळा उघडा आहे. झाकायला हात नेला तर गळपट्टा त्यांच्या गळ्यात! जातानाही काढला नाही. त्यांच्या धाकट्या जावेला तसाच हवाय, वळशासकट. केलंस ते आता निस्तर.

मला मात्र दुसरा नको. लागणार नाही.

दशरथरावांच्या पायाला जप. राग ओसरला की लोभ पूर्ववत होईल.
तुझी,
ताई

चारकोप
२७ डिसेंबर १९८७

ती. ताईस,
नमस्कार, आणि तुझ्या विहीणबाईंना माझा दंडवत. माझी कला ओळखणारी एक तरी बाई निघाली.

त्यांच्या जावेचा गळपट्टा काही होत नाहीये. आता मुद्दाम पीळ घालायला बसते तर टाके दर वेळी सरळच बसतात. ह्यांनी पाणी मागावं म्हणून वाट बघत बसते, तर माणूस झोपतो.

अनुने फोटो पाठवलाय. ती पाटावर, खाली मान घालून. शेजारी तू, हातात माझी चूक ताणून धरलेली, गळा उघडा, तोंडही उघडं. तोंड नेहमीचंच आहे. गळा मात्र पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच पाहिला, ताई. मी फोटो घेऊन मोरीत गेले आणि पोटभर रडले. ह्यांना सांगितलं, कांदा चिरत होते.

बाकी ठीक. रागावत राहावं.
तुझी,
सुगंधा