‘हाल’ म्हणजे काय

१२ जाने. ६३
थोरले दीर रघुअण्णा त्या वसुधाबाईंना घेऊन आले. परदेशात नवा नाच शिकून आल्यात. ना घुंगरू, ना कुंकू. ह्यांच्या चित्रांवरून नाच बसवणार म्हणे. हे इथे कानडी मुलखात, शिवाजीनगरात सिनेमाचे बोर्ड रंगवत होते तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. आता माणूस गेल्यावर कौतुकाला ऊत.
पाच चित्रं दिली. पाचांतही मीच, आमची तान्ही छोटी गेली त्या वर्षीची. मागे ह्यांच्या अक्षरात एकच शब्द, ‘हाल’. छोटीबद्दल माझ्याशी कधी चकार शब्द काढला नाही. बोलले ते एवढंच, तेही चित्राच्या पाठीवर.

२९ जाने.
बसवनगुडीत तालीम पाहिली. पोरी कळश्यांतून काहीतरी ओतताहेत आपल्या. गवळणीच! हे काय, विचारलं. व. म्हणाल्या, “हालु अल्लवा, अक्का? दूध!” बाईंनी हिंदीच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे देवनागरी अक्षरं वाचली, अर्थ कानडीतला लावला. माझ्या हालांचं दूध केलं! अंगाचा तिळपापड झाला. रघुअण्णा शेजारी माना डोलवत होते. “कमळा, छान चाललंय. स्वल्प गप्प बैस.”
घरात जन्मभर मराठी बोलून रघुअण्णांना कळू नये?

२ फेब्रु.
व.ना स्पष्ट सांगितलं, मराठीत हाल म्हणजे काय ते. चित्रं परत द्या म्हटलं. चेहरा उतरला बाईंचा. मग हळूच, “पण अक्का, चित्रात पदर छातीशी ओला आहे. म्हणून मला दूधच वाटलं.”
म्हटलं, रंग सांडला असेल, धांदरटच होते.
“पाचही चित्रांत?”
निघून आले.
छोटी गेल्यावरही दूध यायचं. मोरीचं दार लावून पिळून टाकायची. आईला कळू दिलं नव्हतं. ह्यांना तर नाहीच, अशी माझी समजूत.

४ फेब्रु.
रघुअण्णांना आडून विचारलं, हे दुधाला काय म्हणायचे? “काय म्हणणार, हालु. दूधवाल्याशी, कामावर, सगळीकडे.”
पण लिहिलंय ‘हाल’. उकार नाही. तसे उकार खायचेच म्हणा, बोर्डावरसुद्धा. मालक पुन्हा रंगवून घ्यायचा.


५ फेब्रु.
व.चा निरोप. चित्रं परत हवी असतील तर आणून देते. नाच करू दिलात तर नाव तुम्ही सांगाल ते, उद्या छापायला द्यायचंय.
काय सांगू? इतकी वर्षं वाटत होतं, निदान माझे हाल तरी दिसले ह्यांना. दूध म्हणावं, तर ह्यांना सगळंच ठाऊक होतं. मी आत, हे दाराबाहेर, आणि नंतर गुपचूप रंग कालवत बसलेले. राग येतो. रडूही येतं, त्याचाही राग येतो.
व.ना अजून काही कळवलं नाही.
ठाऊक होतं, तर एकदा दार तरी वाजवायचं होतं.