देवाच्या नावानं सोडलेला कोंबडा

आत्याबाई, परवा शेजारची नवी सून रडवेली होऊन माझ्याकडं आली. तिनं हौसेनं खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती, पिलं निघाली, आणि आता घार येऊन एकेक उचलून नेते म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. मी तिला बसवून सगळं सांगितलं. भिंतीला तुराट्या तिरप्या लावून ठेव, पिलांना पटकन खाली शिरता आलं पाहिजे. अंगणाच्या मधोमध बोराट्या टाक, काट्यांवर घार झेप घेत नाही. मेलेला कावळा मिळाला तर काठीला उलटा टांग. लिंबावर कोतवाल पक्ष्याचं घरटं असेल तर त्या फांदीला हात लावू नको, तो एवढासा काळा जीव घारीच्या मागं लागून तिला हाकलून देतो. आणि कोंबडीकडं बघत जा. ती मान वाकडी करून एक डोळा आभाळाकडं लावते, तेव्हा घार आली समज. पोरगी ऐकतच राहिली. म्हणाली, "आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "माझ्या आईनं."

माझे वडील माळकरी. आमच्या दारात कोंबडीचं पीससुद्धा कधी पडलं नाही. शाळेत पोरींना खरं बोला, खरं बोला म्हणून सांगण्यात माझा जन्म गेला आणि तुमचं नाव घ्यायची वेळ आली की जीभ अजून आडवाटेनं जाते. सासूनं शिकवलं असं म्हटलं असतं तर ती पुढं विचारणार, सासू कशी होती, आणि तिथं माझी पंचाईत होते. ती गेल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी दुपारचं जेवणही गेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

वैशाखात लग्न होऊन मी तुमच्या घरी आले. लढाईचे दिवस होते, रॉकेलसाठी सुद्धा रांग लागायची. तुमचा लेक पलटणीतून रजा काढून आला होता. रजा संपली तसा परत गेला, ब्रह्मदेशाच्या बाजूला. खरं सांगते, त्यांचा चेहरा आज मला नीट आठवत नाही. तुमचा मात्र कपाळावरच्या गोंदणासकट आठवतो. श्रावणात त्यांची पत्रं यायची थांबली. तुम्ही एके दिवशी केस धुतलेत, वेशीवरच्या म्हसोबापुढं उभ्या राहिलात आणि नवस बोललात. लेक हातीपायी धड घरी येऊ दे, तुला कोंबडा देईन. घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या तांबड्या कोंबडीची पिलं तेव्हा नुकतीच अंड्यांतून निघाली होती. ती जरा मोठी झाल्यावर तुम्ही त्यांतला एक नर तुऱ्यावरून ओळखून काढलात, त्याच्या पायात लाल दोरा बांधलात आणि देवाच्या नावानं सोडलात. बाकीची पिलं दिवसा डालग्याच्या टोपलीखाली डालता यायची. हा सोडलेला. सोडलेल्याला डालायचं नसतं, त्याला कुणी हटकायचंही नसतं. रात्री खुराड्यात, पण उजाडलं की तो मोकळा, आणि त्याच्यावर आभाळ मोकळं.

त्याची राखण तुम्ही मला दिलीत. मला खुरपता येत नव्हतं, माझ्या भाकरीची कड फुटायची, त्यामुळं घरात माझा दुसरा उपयोगही नव्हता. अडचण एकच होती. ओट्यावर मामंजी दिवसभर घोंगडी टाकून बसलेले असायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, वेशीतून येणारा माणूस त्यांना ओळखू यायचा नाही, पण सुनेचा पदर कपाळावरून बोटभर मागं सरकला तर तेवढा बरोबर दिसायचा. पहिल्याच दिवशी मी मान वर करून घार शोधली आणि आवाज आला, "घरात बाप्यामानसं बसल्यात, ह्ये कुनाला दिसतंय का न्हाई?" ते हे खांबाला विचारत होते. सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती ना. तेव्हापासून मी पदर भुवयांपर्यंत ओढून बसायला लागले. घारीवर नजर ठेवायची आणि मान खाली ठेवायची, असं ते काम. मी रडकुंडीला आले तेव्हा तुम्ही हसलात. "वर बघता येत न्हाई तर खाली बघ," म्हणालात. "घार कितीबी उंच आसू दे, तिची सावली आपल्याच अंगनातनं जाती. आन कोंबडीवर डोळा ठिव. आपल्या आदी तिला कळतं." मग मी सावल्या शिकले. घारीची सावली कोणती, कावळ्याची कोणती, उगाच उडणाऱ्या पारव्याची कोणती, हे मला पदराआडून कळायला लागलं. सावली दिसली की मी पत्र्याचा डबा बडवायची आणि तुम्ही आतून, "शाब्बास गं," म्हणायचात. त्या घरात मला शाब्बास म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच.

भाद्रपदात एक दिवस आभाळ भरून आलं. पाऊस नाही, ऊन नाही, सगळीकडं सारखा उजेड. तुम्ही खुरपायला गेला होता. मी डबा आणि काठी घेऊन उंबऱ्याशी बसले आहे. अंगणात एकही सावली नाही, माझीसुद्धा नाही. पावसाचा रंग बघून मीच पिलं डालग्यातून बाहेर काढली आहेत, तेवढंच चार किडे खातील म्हणून. कोंबडी उकिरड्याच्या कडेला उकरते आहे, पिलं तिच्या पायांत घोटाळताहेत, आणि दोरा बांधलेला तो जरा लांब, आपल्याच तोऱ्यात. कोंबडी थांबते. मान वाकडी करते. एक डोळा वर. मला कळतं. मामंजींचा खोकला बंद आहे, म्हणजे ते जागे आहेत आणि त्यांचं तोंड माझ्याकडं आहे. पदर सारून वर बघायला काही वेळ लागला नसता. घार कुठल्या अंगानं येते हे दिसलं असतं, तर मी त्याच्या आणि तिच्या मधे धावले असते. मी वर बघत नाही. खाली मान घालून नुसता डबा बडवते. बाकीची पिलं आवाजानं तुराट्यांत शिरतात आणि तो बावरून उलटा उघड्यावर पळतो. डोक्यावरून वाऱ्याचा झपाटा गेला आणि एक बारीक किंकाळी वर वर जात राहिली. "काय गेलं?" मामंजींनी खांबाला विचारलं. खांब काय सांगणार.

तुम्ही आलात तेव्हा मी चुलीपुढं बसले होते. चूल पेटवायचीसुद्धा राहिली होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तुम्ही डोक्यावरचा भारा अजून उतरवला नव्हता. "वर का न्हाई बघितलंस?" एवढंच विचारलंत. मी म्हणाले, "मामंजी बसले हुते." तुम्ही भारा खाली ठेवलात. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर बरंच झालं असतं. तुम्ही मागच्या दारानं बाहेर गेलात, त्याच कोंबडीचा दुसरा एक नर पकडून आणलात आणि लुगड्याची किनार फाडून त्याच्या पायात लाल दोरा बांधलात. "देव काय कोंबड्याची वळख धरून बसला न्हाई," म्हणालात. "पोरगं येऊ दे माजं, दोन दिऊ. ह्ये तुज्यात आन माज्यात." मग ओट्याकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलंत, "घारीनं येक पिल्लू न्हेलं. देवाचा हाय तसा हाय." दुसऱ्या दिवशी उजाडताना पाणी आणायला जाताना मी पाहिलं, तुम्ही म्हसोबाच्या दगडापुढं जमिनीला नाक घासत होतात. माझ्या चुकीसाठी नाक तुम्ही घासत होतात आणि मी हंडा सावरत दुसऱ्या वाटेनं निघून गेले.

त्याच सकाळी तुम्ही मामंजींची घोंगडी उचललीत आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडं तोंड येईल अशी टाकलीत. "आता हिकडं तोंड करून बसा. पोरीला आभाळ बघायचंय." मामंजींनी तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुम्ही त्यांच्यापुढं चहाचा पेला ठेवलात आणि म्हणालात, "भितीकडं बघितलं म्हनून च्या काय कडू लागत न्हाई." म्हातारा फणफणत राहिला, पण हलला नाही. मी पदर मागं सारला. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घराच्या अंगणातून मी भर दिवसा वर पाहिलं. केवढं आभाळ होतं ते. पुढचे सगळे महिने मी तशी बसले, आणि घारीला आमच्या अंगणातून पुन्हा काही मिळालं नाही. तो दुसरा कोंबडा वाढला, तुरा लाल झाला, पहाटे आरवायला लागला. तुम्ही त्याला दाणे टाकताना पुटपुटायचात. मला वाटायचं, आपण दोघींनी जमवलं.

पौषात तार आली. पाटील स्वतः सांगायला आले. तुमचा लेक गेला होता. अंगण बायकांनी भरलं. माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तुम्ही जमिनीवर डोकं आपटत होता आणि तुम्हाला दोघीतिघींनी धरलं होतं. माझ्या मागं दोन बायका बसल्या होत्या. त्यांतली एक हळू बोलली, पण मला ऐकू जाईल इतपतच हळू. "लग्नाला वरीस न्हाई झालं. पांढऱ्या पायाची म्हनत्यात ती हीच." दुसरी म्हणाली, "आल्या आल्या खाल्लं की गं नवऱ्याला." तेव्हा मी तोंड उघडलं. "नवसाचा कोंबडा घारीनं न्हेला हुता," मी म्हणाले. "ह्यो आत्याबाईंनी दुसराच बांधलाय. म्हसोबाला फशिवलं ह्यांनी." रडणं जागच्या जागी थांबलं. तुम्ही डोकं उचललंत आणि माझ्याकडं पाहिलंत. रागानं पाहिलं असतंत तर मला आज लिहावं लागलं नसतं. "व्हय," म्हणालात. "म्याच बांधला." राखणीला कोण होतं, हे कुणी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. तुम्ही एक वाक्य बोलला असता तर सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या असत्या. तुम्हाला धरून बसलेल्या बायका मात्र हळूहळू उठून माझ्याजवळ येऊन बसल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

मामंजी त्या दिवसापासून तुमच्या हातची भाकरी खाईनात, त्यांचं ताट पुतण्याच्या घरून यायला लागलं. दिवस झाल्यावर वडील बैलगाडी घेऊन मला न्यायला आले. तुम्ही दारात आला नाहीत. गाडी वळली तेव्हा मागच्या अंगणातून पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज आला. घार आली असेल. पुढं भावानं मला शिकवलं, मी फायनलची परीक्षा पास झाले, देवळाली प्रवरेला मुलींच्या शाळेत लागले. तिथून तुमचं गाव काही परमुलखात नव्हतं. तुमच्याकडची एक बाई बाजाराला येताना माझ्या घरी टेकायची. एकदा ती म्हणाली, "म्हातारीला बारशाला कुनी बोलवत न्हाई. देवाला फशिवलेली बाई, लेकराला काय हुईल म्हनून भ्यात्यात." मी तिला चहा ओतून दिला आणि तुमच्याकडं पाऊस कसा आहे म्हणून विचारलं. वर्गात मी मुलींना सांगत होते की कोंबड्यानं कुणी मरत नाही आणि कोंबड्यानं कुणी वाचत नाही. तेच तुमच्या वेशीत जाऊन चार बायकांना सांगायला मात्र माझे पाय कधी वळले नाहीत. तुम्ही गेलात हेही मला त्या बाईनंच सांगितलं. तेव्हाही मी गेले नाही, शाळेत परीक्षा चालू होत्या असं स्वतःला सांगितलं.

दुःखात माणूस काहीही बोलतं, असं माझी भावजय मला नेहमी म्हणायची. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले. तसं नव्हतं, आत्याबाई. मी भानावर होते. त्या बाईची कुजबुज ऐकली, तिचा अर्थ मला कळला, आता जन्मभर हेच ऐकावं लागणार हेही कळलं, आणि ते कुणावर ढकलता येईल याचा मी विचार केला. बोलण्याआधी मी पदरसुद्धा नीट केला होता. आणि बायका तुमच्यापासून उठून माझ्याकडं आल्या तेव्हा नवरा गेलेला असूनही मला हायसं वाटलं. त्यानंतर मला कुणीही कधी पांढऱ्या पायाची म्हटलं नाही. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. लेकाची पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचे, तेव्हा तुम्ही असता तर हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. मी वाचलं असतं, सगळं वाचलं असतं. ते हायसं वाटल्याचं वाक्य तेवढं गाळलं असतं.