छपरावरचा आवाज

एल्किन, नॉर्थ कॅरोलिना
रविवार, १४ जून १९९८

ती. स्व. हॉलिसदादास,
व्हर्नाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि उकडलेल्या शेंगांचा डबा दोन्ही पोचलं. शेंगा वाटेतच आंबल्या होत्या, पण तुला वाईट वाटू नये म्हणून आम्ही त्या आवडीने खाल्ल्या असं समज.

टेट अजून तसाच आहे. डोळे उघडतो, पण नजर आमच्यावर ठरत नाही. श्वास आता त्याचा तो घेतो, एवढीच काय ती कमाई. काल डॉक्टरांनी मला समोर बसवून नीट सांगितलं. जुलैअखेर त्याला इथून हलवायचं आहे. तोवर त्याने सांगितलेलं एक तरी काम ऐकून केलं, अगदी बोट हलव म्हटल्यावर बोट हलवलं तरी, शार्लटचं केंद्र त्याला घेईल. डोक्याला मार बसलेल्यांना तिथे पुन्हा उभं करतात. नाही केलं, तर म्हाताऱ्यांचं शुश्रूषागृह. तिथे कूस बदलतात, नळीने भरवतात आणि दिवस ढकलतात. दादा, माझा पोरगा चोवीस वर्षांचा आहे रे.

मी दिवसभर त्याच्याशी बोलते. हात दाब बाळा, डोळे मीट बाळा. माझा घसा बसला, पण तो ढिम्म. व्यायाम घेणारी लुएला म्हणते, ओळखीचं जे असेल ते कानावर पडू द्या. म्हणून तू नाताळात पाठवलेल्या त्या जुन्या 'काकडी' मालिकेच्या टेपा इथे आणल्या. तेच ते मामा-भाचे, ती काकडी नावाची हिरवी गाडी आणि दर भागात तळ्यात पडणारा फौजदार. तुला आठवतं? शुक्रवारी संध्याकाळी टेट पुडिंगची ताटली चाकासारखी धरून बसायचा, उजवा पाय टेबलाला रेटून. रॉइस त्याच्या मागे उभा राहून ओरडायचा, पूल आला, सांभाळ, फौजदार आत घुसलाय! या बापलेकांची शर्यत खरं तर त्या सोफ्यावरच सुरू झाली. आता त्याच टेपा मी पुन्हा पुन्हा लावते, एकटीच हसते आणि मग रडते. त्या मालिकेत गाडी कितीही उंच उडो, कुणाला खरचटतसुद्धा नाही. हल्ली मला तेवढंच बघवतं.

आणि रॉइस? तो मला रोज इस्पितळात सोडतो आणि खाली पिकअपमध्ये बसून राहतो. कधी वर आलाच तर टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहतो आणि परत जातो. मेमधल्या अपघातापासून त्याने टेटच्या कानावर एक शब्द घातलेला नाही. का ते तुला लिहिलं नव्हतं, पण इथे गावभर झालं आहे. त्या मोटारशर्यतीत टेट गाडीत होता आणि रॉइस प्रेक्षकांच्या सज्जाच्या छपरावर उभा राहून रेडिओवर त्याला वाट सांगत होता; मी नेहमीसारखी कानाला यंत्र लावून दोघांचं बोलणं ऐकत होते. चौथ्या वळणातून बाहेर पडताना रॉइसने छपरावरून सांगितलं, "मोकळं." म्हणजे आतल्या बाजूला कुणी नाही. हेल्मेट आणि त्या उंच कडांच्या बैठकीत अडकलेल्या माणसाला शेजारचं काय दिसणार? छपरावरचा माणूस सांगेल तेच खरं. बापाने मोकळं म्हटलं म्हणून टेटने गाडी आत घेतली. आत स्टॅमीचा पोरगा होता. टेटची गाडी भिंतीवर गेली, पुढचं तुला ठाऊक आहे.

जो एक आवाज टेट डोळे झाकून ऐकायचा तो हाच, आणि नेमका तोच गप्प आहे. मी रॉइसला काही बोलले नाही. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची मला भीती वाटते.

माझ्यावरचा लोभ शेंगांसारखा वाटेत आंबू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
व्हर्ना


मन्रो, जॉर्जिया
२२ जून १९९८

चि. व्हर्नास,
हॉलिसचे अ. उ. आ.

शेंगांबद्दल टोमणा पोचला. पुढच्या खेपेला दगड पाठवतो, ते आंबत नाहीत. फोन करत नाहीस तेच बरं. उघड्या इंजिनांपाशी जन्म गेला, त्यात कान गेले, आता चर्चची घंटा वाजते तेव्हा मी लोकांच्या माना वर झालेल्या बघतो आणि ओळखतो.

रॉइसला जरा सवड दे. अडेलतट्टू असला तरी माणूस वाईट नाही.

काकडीबद्दल तुला एक सांगतो, कारण तुला आधार हवा आहे, भुलावण नको. ती मालिका इथे आमच्या भागात काढत होते तेव्हा त्या गाड्या मीच तयार करायचो. उडी मारताना नाक खाली जाऊ नये म्हणून मागच्या डिकीत वाळूच्या गोण्या भरायचो. गाडी झकास उडायची आणि पडली की तिचा कणा मोडायचा. एकही गाडी उडीनंतर धड राहिली नाही. मग आम्ही तिला दोरखंडाने ओढून बाजूला करायचो आणि तसाच रंग दिलेली दुसरी पुढे आणायचो. लोकांना वाटायचं, तीच पळते आहे. उडालेली गाडी आणि पुढे पळणारी गाडी कधीच एक नसते, व्हर्ना. टेट उठलाच, तरी कोण उठेल ते आपल्याला माहीत नाही. मनाची तयारी ठेव.

जेवत जा. नुसत्या कॉफीवर माणूस जगत नाही, आणि म्हाताऱ्या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
हॉलिस


एल्किन
२८ जून १९९८

ती. स्व. दादास, नमस्कार.

तुझं पत्र मी इस्पितळाच्या न्हाणीघरात जाऊन वाचलं आणि तिथेच फाडलं. माझा मुलगा म्हणजे तुझ्या अंगणातलं भंगार आहे का? दोरखंडाने ओढायचं आणि दुसरा पुढे आणायचा? माझ्याकडे तसाच रंगवलेला दुसरा नाही. मला कसाही चालेल. वाकडा, मुका, मला न ओळखणारा, चालेल. पण तो त्या शुश्रूषागृहात छताकडे बघत म्हातारा झालेला मला चालणार नाही. ते घर मी पाहून आले. टेटला देणार ती खोली पाहिली. शेजारच्या पलंगावरचे आजोबा मला त्यांची बायको समजले आणि घरी ने म्हणाले.

स्टॅमीबाई डम्पलिंग घालून कोंबडी घेऊन आल्या होत्या. दारातच रडायला लागल्या. त्यांच्या पोराने गाडी विकायला काढली आहे. मी त्यांना उगी उगी केलं. मला कोण करणार?

काल शेवटी मी रॉइसला बोलले. म्हटलं, वर चल, पोराशी बोल, तुझ्याशिवाय तो कुणाचं ऐकायचा नाही. तर म्हणतो कसा, माझंच ऐकलं म्हणून तो तिथे पडलाय. असं म्हणून पिकअपची काच वर केली. नवऱ्याने तोंडावर काच वर केली, दादा. मी बाहेर उन्हात उभी होते.

तू त्याच्या शर्यतीच्या गाड्या बांधल्यास, तुझं तो ऐकतो. त्याला लिही. मला शहाणपण शिकवायचं राहू दे, एवढं एक कर. मी पाया पडते.

भांडते तेही लोभ आहे म्हणूनच, हे विसरू नकोस.

व्हर्ना


मन्रो
३ जुलै १९९८

रॉइसराव यांस,
हॉलिसचा स. न. वि. वि.

तुम्हाला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही. गाडीखाली पडल्या पडल्या शिव्या दिल्या, त्यातच आपलं सगळं बोलणं झालं.

तुमच्या हातून चूक झाली. नाही झाली असं म्हणायला मी पाद्री नाही. मावळतीचा सूर्य डोळ्यांवर होता म्हणे, पण तुम्ही ती सबब सांगत नाही हेही मला कळलं. तो तुमचा सरळपणा. पण आता पिकअपमध्ये बसून जे चाललंय त्याला तुम्ही शिक्षा म्हणत असाल तर ती पळवाट आहे. खरी शिक्षा वरच्या मजल्यावर आहे. ती जाऊन भोगा.

मला ऐकू येईनासं झालं त्याला बरीच वर्षं झाली. व्हर्नाचा आवाज मला आता आठवतो तो फक्त ती फ्रॉक घालून माझ्यावर खेकसायची तेव्हाचा. तिने पुन्हा एकदा खेकसलेलं ऐकू यावं म्हणून मी माझं गॅरेज देऊन टाकीन. तुमच्या पोराचे कान शाबूत आहेत असं डॉक्टर म्हणतात. तुमचा गळा शाबूत आहे. आणि मध्ये तुम्ही काच लावून बसलात! काय म्हणावं तुम्हाला?

बहीण दिली आहे तुम्हाला. तिला उन्हात उभी करू नका.

लोभ ठेवा अगर ठेवू नका, पण वर जा.

हॉलिस


एल्किन, ९ जुलै

हॉलिस,
पत्र मिळालं. त्याच्यासमोर गेलो की तो शब्द जिभेवर येतो आणि दुसरं काहीच येत नाही. माझ्याच्याने होत नाही. माफ करा.

रॉइस


एल्किन
रविवार, १९ जुलै १९९८

ती. स्व. हॉलिसदादास,
व्हर्नाचा शि. सा. न. वि. वि.

घाईघाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे.

गुरुवारी दुपारी लुएला टेटचे पाय हलवत होती आणि टीव्हीवर काकडी चालू होती, तो पुलाचा भाग. रॉइस दाराशी आला. पाठलाग सुरू झाला आणि दादा, रॉइसच्या नकळत त्याच्या तोंडून पुटपुट सुरू झाली. आधी मला वाटलं प्रार्थना करतोय. मग ऐकू आलं, कुंपण उजवीकडे, सांभाळ, फौजदार आत आहे, आत आहे, अजून आत आहे. अगदी सोफ्यामागे उभा राहून म्हणायचा तसं.

लुएला एकदम थांबली. टेटचा उजवा पाय तिच्या तळहातावर होता, तो तिने दाबलेला नसताना मागे आला. शेजारी गाडी असली की वेग सोडायचा, तसा.

तिने मला टीव्ही बंद करायला सांगितलं. रॉइसला म्हणाली, पुन्हा म्हणा. त्याने म्हटलं, आत आहे. पाय मागेच. मी ओरडले, हसले, काय केलं ते मलाच माहीत नाही. पण लुएलाने हात वर केला. म्हणाली, नुसता आखडलेला पायही असा मागे येतो, डॉक्टर हे धरणार नाहीत. सांगितल्यावर मागे आणि सांगितल्यावर पुढे, दोन्ही झालं तर ते ऐकणं. पुढे न्यायला काय सांगता तुम्ही लोक, असं तिने विचारलं.

तो शब्द आम्हा दोघांनाही ठाऊक होता. ती बिचारी आमच्या तोंडाकडे बघत राहिली.

रॉइस भिंतीकडे वळला आणि मान हलवायला लागला. नाही, नाही, ते नाही. मी त्याचा हात धरला. मे महिन्यानंतर पहिल्यांदा मी त्याला हात लावला, दादा. मी म्हटलं, मी ऐकलं होतं तेव्हा, माझ्या कानांनी, आणि मला तो शब्द आयुष्यात पुन्हा ऐकायचा नव्हता. आता म्हण. मी इथे आहे, म्हण.

त्याने पलंगाचा गज धरला. मग म्हणाला, "मोकळं."

आणि टेटने पाय दाबला. चाचपडत नाही, अर्धवट नाही. चौथ्या वळणातून बाहेर पडताना दाबायचा तसा सबंध, लुएलाचा हात मागे रेटत. ज्या शब्दाने त्याला भिंतीवर नेलं त्याच शब्दावर पोराने क्षणभरही विचार केला नाही. रॉइस तिथेच खाली बसला आणि पलंगाच्या चादरीत तोंड घालून मोठ्याने रडला.

डॉक्टर आले, त्यांनी पुन्हा करायला लावलं. टेट तीनदा चुकला, दोनदा बरोबर. शार्लटवाले घेतो म्हणाले. फार आशा धरू नका असंही म्हणाले. नजर अजून आमच्यावर ठरत नाही, आणि तू लिहिलेलं मी विसरलेले नाही. कदाचित ही दुसरीच गाडी असेल. असू दे. पाय दाबते ना, मग मला तीच हवी.

रॉइस आता खोलीतच असतो. दिवसभर पुटपुटत असतो, आत आहे, आत आहे, घसा बसेपर्यंत. पण तो दुसरा शब्द म्हणायची वेळ आली की थांबतो, उभा राहतो आणि आधी पलंगाच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकून बघून घेतो. तिथे मी आणि लुएला असतो, नाहीतर रिकामी खुर्ची. तरी बघतो. मगच म्हणतो.

शेंगा पाठव, आंबल्या तरी चालतील. माझ्यावर माया आहेच तुझी, आता थोडी रॉइसवरही असू दे.

तुझी खेकसणारी,
व्हर्ना