टाकीचा रंग

प्रिय भिंगरी,

मी तुझी आजी. कोणती, असं विचारशील म्हणून आधीच सांगते. जिने तुला अक्षरं शिकवली ती नव्हे, जिने पोहायला शिकवलं ती. अक्षरवालीला तू दर रविवारी फोन करतेस असं ऐकते. अक्षरांना भाव जास्त, हे मला कळलंय, म्हणून आज मीही अक्षरंच पाठवतेय. तोंड माझं, हात सिस्टरचा. तिने हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स म्हणून डॉक्टरांचं अक्षर वाचलं, त्यामुळे तिचं स्वतःचंही तसंच झालंय. एखादा शब्द लागला नाही तर औषधाचं नाव समज आणि पुढे जा.

आज सोमवार. बोट धक्क्याला बांधलेली आहे आणि आम्ही दोघी खालच्या खोलीत टेबलाशी बसलोय. खोली तू सोडून गेलीस तेवढीच आहे, दोघांनी एकदम श्वास घेतला तर तिसऱ्याने बाहेर जावं एवढी. आमचं तसंच चाललंय. गुरुवार ते सोमवार बोटीवर, मधले दोन दिवस दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, पलंग हलत नाही म्हणून जागी. तिसरे भिडू घड्याळवाले. चौकातलं दुरुस्तीचं दुकान मुलाच्या हवाली करून त्यांनी गळ धरला. जन्मभर लोकांची वेळ नीट केली आणि स्वतः एकदाही वेळेवर धक्क्यावर आले नाहीत. सकाळी शीड उभारायचं, किनारा नजरेआड होऊ द्यायचा नाही, दुपारी एखाद्या खाडीत नांगर टाकायचा, गळ सोडायचे आणि गेलेल्या नवऱ्यांविषयी खरं बोलायचं. मासे धरणं त्यांचं, साफ करणं सिस्टरचं, नावं ठेवणं माझं.

आता मुद्द्याचं. आजोबांनी जाताना बोट तुझ्या नावावर केली. या घरात सही करण्याआधी विचार करणारी तू एकटीच, असं म्हणाले, आणि तुझा बाबा शेजारीच उभा होता. त्या अपघातापासून त्याला ती विकायची आहे. विकायची म्हटलं की ती त्याच्या तोंडी ‘यॉट’ असते, दुरुस्ती निघाली की ‘ते होडकं’. गिऱ्हाईक तयार आहे, कागद तुझ्याकडे आलेत आणि तू सही करत नाहीस. तू त्याला म्हणालीस म्हणे, आजीची काही चूक नव्हती, तिला पाण्यावरून उठवलंत तर माझ्याशी बोलू नका. तो तसा आज्ञाधारक, दोन महिने बोललेला नाही. रोज मला मात्र विचारतो, “तिचा फोन आला?” मी म्हणते, “मलाच येत नाही, तुला कुठून येणार?”

त्या दिवशी काय झालं ते मी तुला फोनवर सांगितलं होतं. विसरली असशील म्हणून परत सांगते. शिवाय दुसऱ्यांदा सांगताना माणूस जरा कमी खोटं बोलतो.

मला नकाशा वाचता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. आजोबांनी किनारा मला खुणांनी शिकवला. अमुक चिमणी तमुक झाडामागे गेली की वळ, असा. आपल्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. तो टाळून आत यायची खूण एकच. टेकडीवरची पिवळी पाण्याची टाकी बर्फाच्या कारखान्याच्या छपरावर टोपीसारखी बसली पाहिजे. बसली की सरळ आत. चाळीस वर्षं मी कारखान्याला टोपी घालत आले. त्या दुपारी ओहोटी लागलेली, कारखाना समोर, आणि टाकी दिसेना. मी म्हटलं, “अगं, टाकी कुठे गेली?” उत्तर यायच्या आत आम्ही वाळूत होतो. बोट एका कुशीवर निजली, कपाटातल्या बश्या फिरायला निघाल्या आणि घड्याळवाले गळांच्या पेटीवर आपटले. उजवं मनगट मोडलं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं मनगट गं, त्यात किती बारीक काम साठलेलं असेल! सिस्टर फळी बांधत होती. मी परत विचारलं, टाकी कुठे गेली. मान वर न करता ती म्हणाली, “रंग बदललाय वाटतं. राखाडी दिलाय, आभाळात मिसळली.” घड्याळवाले कण्हत म्हणाले, “हो हो, राखाडीच. मीसुद्धा बघितली.” भरती येऊन बोट उचलेपर्यंत आम्ही तिघं तिरके बसून रंगाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा.

तेच मी तुला सांगितलं, तेच तुझ्या बाबाला. तू विश्वास ठेवलास, त्याने नाही.

दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, मी बसने टेकडीवर गेले. त्या रंगाऱ्याला चार शब्द सुनावल्याशिवाय मला अन्न गोड लागत नव्हतं. फाटकाशी चौकीदार होता. म्हटलं, “टाकीला रंग कुणी दिला हो?” तो म्हणाला, “आजी, रंग द्या म्हणून नऊ वर्षं मी अर्ज करतोय. वर तुमची कुठे ओळख आहे का?” मी टाकीला हात लावून उभी राहिले. हाताला पापुद्रे लागले, पिवळेधमक. जवळचं मला झकास दिसतं. मग खाली उतरले आणि बसस्टॉपवरून मागे वळून पाहिलं. टेकडी होती. टाकी नव्हती.

सिस्टरचं पेन थांबलंय. लिही गं, म्हटलं, तुझ्या पगारातून कापणार नाही. ती विचारतेय, “तुला कधी कळलं?” मी म्हटलं, पंधरा दिवस झाले, आणि तुला? म्हणते, “वर्षभर. शेजारच्या बोटीवर वाळत घातलेल्या टॉवेलला तू हात हलवून रामराम केलास, तेव्हापासून.” वरून घड्याळवाले ओरडतायत, “टॉवेल सभ्य होता हो, त्यानेही हात हलवला.” म्हणजे वरून सगळं ऐकणं चाललंय. मी काही रागावले नाही. मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन माझ्यासाठी खोटं बोलणारा माणूस कुठे शोधायचा?

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचा, म्हणाले. मी म्हटलं, ती मला विशीतही वाचता येत नव्हती. मग बिचाऱ्याने चित्रांची पाटी आणली. मोतीबिंदू नाही, तो काढता आला असता. डोळ्याच्या मागची बाजूच झिजलीय म्हणे. आहे ते टिकवू, गेलं ते येणार नाही. मी थँक्यू म्हटलं आणि दार समजून कपाट उघडलं. त्याच शुक्रवारी पाठ दुखते असं सांगून सुकाणू सिस्टरच्या हाती दिलं. आता मी पुढे बसून खुणा तोंडाने सांगते, ती डोळ्यांनी शोधते. दोघी मिळून एक धड बाई होतो.

हे फोनवर सांगितलं असतं तर मी काहीतरी विनोद करून निसटले असते आणि तूही हसून कामाला लागली असतीस. कागदावरून निसटता येत नाही असं ऐकलंय, म्हणून हा खटाटोप. तू बाबाशी भांडलीस ती माझ्या थापेवर पाय रोवून. तिथून उतर, बाई. त्याला फोन कर आणि सांग, आजीला लांबचं दिसत नाही, चूक तिचीच होती, तिनेच कळवलंय. तो म्हणेल, “मी म्हटलंच होतं.” म्हणू दे, त्याला हे म्हणायची संधी आयुष्यात फार वेळा आलेली नाही. मग सही करायची की नाही ते ठरव. विकलीस तर मी रडणार नाही, ठेवलीस तर आभार मानणार नाही. पण जे ठरवशील ते खऱ्यावर ठरव.

आता खाण्याचं. घड्याळवाल्यांचा उजवा हात अजून नीट वळत नाही, तेव्हा डाव्या हाताने उचलून तोंडात टाकता येईल असंच पाठव. केक, कापून, आणि सुकामेवा न घालता, नाहीतर माझ्या दातांची परीक्षा. उकडलेली अंडी, सोलून. केक तू कर, अंडी बाबाला उकडू दे, त्याला तेवढंच येतं. आणि डबा दोघांनी एका टेबलाशी उभं राहून भरायचा. एकटीने भरून पाठवलास तर झाकण न उघडता परत पाठवीन.

तुझीच,
आजी