कोंबड्या असलेली आवृत्ती

तीर्थरूप आत्या,

तुझ्या टिकोजीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा आखडल्यामुळे सध्या पाच अंगांचाच जमतो, उरलेली तीन प्रत्यक्ष भेटीत.) तुझी तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? माझ्या मागच्या पत्राला तू चार ओळींचं उत्तर धाडलंस आणि त्यातल्या दोन ओळींत माझं शुद्धलेखन दुरुस्त केलंस, त्यावरून डोळे आणि डोकं दोन्ही ठणठणीत असल्याचं कळलं. इकडे आम्ही मजेत. बायकोची इस्पितळातली पाळी सकाळची झाल्यामुळे दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे आणि अण्णा अचानक दुपारचे उपाशी राहण्याचे फायदे सांगू लागले आहेत. त्यांची दृष्टी मात्र फारच मंदावली. दारात माणूस उभा आहे एवढं दिसतं, कोण आहे ते खोकल्यावरून ओळखतात. वाचन बंद. वाचन बंद झालेला माणूस घरात काय काय उद्योग करू शकतो याची कल्पना तुला असेलच, शेवटी तुझाच धाकटा भाऊ.

तर दोन महिन्यांपूर्वी अण्णांनी फर्मान काढलं की न्यायाधीशाची कादंबरी पुन्हा ऐकायची आहे. म्हणजे तीच, गोवर आल्यामुळे ते तीन आठवडे अंथरुणाला खिळले होते तेव्हा तू रोज दुपारी उशाशी बसून वाचून दाखवलेली. ते नऊ वर्षांचे, तू चौदाची. त्यांनी स्वतः ते पुस्तक कधी उघडलं नाही (ऐकून झालेलं वाचायचं कशाला, हे त्यांचं तत्त्व), पण मला ती गोष्ट त्यांनी तोंडी इतक्यांदा सांगितली की आमच्या घरी ती मुखोद्गत आहे. निरपराध माणसाला शिक्षा देणारा न्यायाधीश, तो माणूस तुरुंगातच वारल्यावर कळलेली चूक, राजीनामा, मग त्याच्या विधवेच्या दारी माफी मागायला जाणं आणि तिने दार न उघडणं. इथपर्यंत कोणीही लिहील. पण पुढे न्यायाधीश पायरीवरच मुक्काम ठोकतो आणि तिच्या सात कोंबड्यांची निगा राखतो, ही खरी प्रतिभा! त्यांची नावं फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, वकीलबाई, पुरावा, अपील आणि तहकूब. पहिल्या सहा जणी नेमाने अंडी देतात, तहकूब आजचं उद्यावर ढकलते. शेवटी ‘माझं खुराडं कोणी हलवलं?’ म्हणून भांडायला विधवा दार उघडते, आणि उघडलेलं दार मग बंद करत नाही. खुराड्याची जमीन कोरडी हवी, खाद्यात शिंपल्यांचा चुरा मिसळावा, हे सगळं त्यात इतक्या तपशिलात आहे की लेखकाचा व्यासंग पाहून अण्णा अजूनही थक्क होतात.

पुस्तक आणायचं म्हणजे माझा प्रांत. तीस वर्षं मी दुकानदारांची वजनं तपासतो आहे, माझ्यासमोर तराजूची दांडी थरथरत नाही, दुकानदार थरथरतो. तेव्हा पुस्तकांच्या दुकानातल्या जाड चष्मेवाल्याने तीन आवृत्त्या समोर मांडल्या आणि कोणती हवी असं विचारलं तेव्हा मी क्षणभरही डळमळलो नाही. (माणसाने चुकावं, पण डळमळू नये, हे माझं मत तुला पसंत नसल्याचं तू पूर्वी कळवलं आहेसच.) मी संक्षिप्त घेतली. अण्णांचं वय पाहता लवकर संपणारी बरी, असा सुज्ञ विचार त्यामागे होता. तो मी अण्णांना बोलूनही दाखवला, ते एक बरं केलं नाही. शिवाय ती जरा जास्तच संक्षिप्त निघाली. चाळिसाव्या पानावर राजीनामा, एकेचाळिसाव्यावर बंद दार, बेचाळिसाव्यावर इतर प्रकाशनांची यादी. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, “कोंबड्या कुठे गेल्या?” मी म्हटलं, काटछाटीत गेल्या असतील.

मग संग्राह्य आवृत्ती आणली. चामड्याची बांधणी, सोनेरी कडा, रेशमी फीत, वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. (स्वयंपाकघरातल्या तराजूवर आधी बावीसशे भरलं होतं. तराजू खोटा निघाला, आणि वजनमापं तपासणाऱ्याच्या घरात खोटा तराजू म्हणून बायको तीन दिवस हसत होती.) हे पुस्तक घेण्यासाठी उत्तम आहे, उघडण्यासाठी नाही. पहिल्या पानाला कडकन आवाज झाला आणि अण्णांनी पलंगावरून विचारलं, “काय रे, तुझा गुडघा का?” मांडीवर घ्यावं तर पाय झोपतो, छातीवर घ्यावं तर श्वास अडतो, म्हणून मी उभं राहून जमली तेवढी पानं वाचली. त्यात चित्रंही आहेत. शेवटच्या चित्रात न्यायाधीशाजवळ कोंबड्यांऐवजी एक कुत्रा दाखवला आहे, हे मी उत्साहाने सांगून बसलो. अण्णा खवळले. आहेत त्या कोंबड्या गायब आणि नसलेला कुत्रा हजर! सध्या ते पुस्तक खिडकीची फळी वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलं आहे आणि त्या कामात तरी ते अभिजात ठरलं आहे.

तिसरी, सटीप आवृत्ती. हिची पद्धत अशी की पानावर कादंबरी तीन ओळी आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत टिपा तीस ओळी, पाच माणसांच्या घरात पन्नास पाहुणे उतरावेत तशा. न्यायाधीशाने छत्री उचलली एवढ्याला आमची एक अख्खी दुपार गेली, कारण पहिल्या छपाईत छत्री होती, दुसऱ्यात काठी, तिसऱ्यात पुन्हा छत्री. याला पाठभेद म्हणतात. मला वाटलं होतं पाठभेद म्हणजे पाठीत भरलेली उसण. पण मी नेटाने सगळं वाचलं, टिपांसकट, कारण संपूर्ण म्हणजे संपूर्ण. आणि शेवटच्या पानावर, आत्या, ती बाई दार उघडत नाही. न्यायाधीश पायरीवर बसून राहतो, आतला दिवा विझतो, संपलं. कोंबडीचं एक पीसदेखील नाही.

अण्णांनी दोनदा विचारलं की ती दार उघडतच नाही का. मी नाही म्हटलं. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि त्या दिवशी माझ्या हातचंच काय, बायकोच्या हातचंही जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. थोर साहित्य असं ऐन वेळी तोंडघशी पाडतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मात्र मी हार मानणारा नव्हे. सटीप आवृत्तीच्या संपादकांना मी तडक पत्र लिहिलं. म्हटलं, आपण छत्रीवर दीड पान खर्च करता आणि सात कोंबड्या गिळून ढेकर देत नाही, हा काय न्याय? नावानिशी यादी जोडली. बायको म्हणाली, “पाठवू नका, हसं होईल.” मी पाठवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, फार सभ्य, मोत्यासारख्या अक्षरात. संपादक लिहितात की आमच्या घरातली जुनी प्रत एका विशिष्ट छापखान्याची असावी. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत छापतात, त्याला फर्मा म्हणतात. त्या छापखान्यात कादंबरीच्या वेळीच त्याच आकाराचं ‘सोपे कुक्कुटपालन’ नावाचं पुस्तक छापलं जात होतं. बांधणाऱ्याच्या चुकीने काही प्रतींत कादंबरीचा शेवटचा फर्मा गळला आणि त्या जागी कोंबड्यांचा बसला. अशा दोन प्रती त्यांनी स्वतः पाहिल्या आहेत. मात्र (हे वाक्य त्यांनी अधोरेखित केलं आहे) कुक्कुटपालनाच्या त्या सोळा पानांत कोणीही न्यायाधीश नाही, कोणीही विधवा नाही, आणि तहकूब नावाची कोंबडी तर मुळीच नाही.

हे पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “म्हणजे ताईसमोर नुसता शिंपल्यांचा चुरा होता?” मी म्हटलं, तसं दिसतंय. आणि अण्णा हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. चौदा वर्षांची पोर, समोर तापाने फणफणलेला भाऊ शेवट ऐकायला टक लावून बसलेला, आणि पान उलटावं तर खुराड्याची लांबी-रुंदी. तू एकदाही अडखळली नाहीस ना ग? साठ वर्षांत आम्हाला संशय आला नाही!

आता अवघड जागेचं बोलतो. आजोबांचं घर आवरायला आपण सगळे जमलो होतो तेव्हा ते पुस्तक तू गुपचूप आपल्या पिशवीत टाकलंस, आणि अण्णांनी दहा माणसांसमोर तुला चोर म्हटलं. त्याला अकरा वर्षं झाली. तू त्यानंतर आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाहीस आणि अण्णांनी तुझं नाव काढलं नाही. पण मी तपासणीच्या धंद्यातला माणूस आहे, मला आता सगळं लख्ख दिसतं. तू पुस्तक चोरलं नव्हतंस. अण्णांनी ते उघडलं असतं आणि शेवटच्या पानांवर काय आहे ते पाहिलं असतं, म्हणून तू कोंबड्या झाकल्यास. आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ते कधी ना कधी फुटतंच.

असो. कोणती आवृत्ती विकत घ्यावी याबाबत माझा निर्णय झाला आहे. एकही नाही. बाकी सर्व क्षेम. थंडी सांभाळ, जिना चढताना कठडा धर.

तुझा आज्ञाधारक भाचा,
टिकोजी

ता. क. ते पुस्तक टपालाने पाठवता येईल का, हे विचारण्यासाठी खरं तर हे पत्र लिहिलं. जाड कागदात गुंडाळ, कोपरे मुडपू देऊ नकोस. संपादकांनाही ते पाहायचं आहे, पण त्यांना मी थांबायला सांगितलं आहे.

ता. क. २. पुस्तक नको. मी वर लिहिलं ते रद्द समज. बायको म्हणते, एवढा मोठा माणूस आणि एवढी साधी गोष्ट कळत नाही, त्या पुस्तकात कोंबड्यांची माहिती आहे, गोष्ट आत्यांकडे आहे. तेव्हा तूच ये. माझी स्वयंपाकाची पाळी चुकवून मी न्यायला येतो. अण्णांनी पलंग हलवून घेतला आहे, आता खिडकीपाशी उजेडात एक खुर्ची मावते. आणि एक विचारायचं राहून गेलं आहे. तुझ्या त्या वाचनाच्या शेवटच्या दुपारी अण्णांना ग्लानी आली, जाग आल्यावर तहकूबने अंडं घातलं का असं त्यांनी विचारलं, तर तू ‘उद्या सांगते’ म्हणालीस. तो उद्या अजून उगवलेला नाही.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालण्याआधी अण्णांनी सगळं माझ्याकडून वाचवून घेतलं. एकच दुरुस्ती सांगितली, ‘चोर’ हा शब्द खोड. मी म्हटलं, अण्णा, आता मी सटीप आवृत्ती वाचलेला माणूस आहे, छापून गेलेलं खोडता येत नाही, फार तर खाली टीप देता येते. त्यावर ते म्हणाले, “मग टीप दे. लिही, हा शब्द मूळ प्रतीत नव्हता. बांधणाऱ्याच्या चुकीने आत आला.”